मुंजीत एटीव्ही, आणि तीही वाढत्या अंगाची!

मी काही कुणाच्या घरात डोकावत नाही. पण भर कार्यालयात, भिक्षावळ चालू असताना, मामीने लाडू घातल्याबरोबर मागून मामाने बटूच्या झोळीत एटीव्हीची किल्ली टाकली, तर त्याला डोकावणं कसं म्हणायचं? सगळ्या गोतावळ्यादेखत झालं ते. आठ वर्षांचा बटू, अंगावर लंगोटी आणि उपरणं, हातात पळसाचा दंड. आणि बाहेर पार्किंगमध्ये लाल रिबीन बांधलेली, चार जाडजूड चाकांची, पुढे लोखंडी बंपर असलेली १२५ सीसीची गाडी! गुरुजींनी हातातल्या अक्षता तशाच धरून मान वळवली. आत्याबाईंनी आपलं आहेराचं पाकीट म्हणे पर्समध्ये परत सरकवलं. मी पाहिलं नाही हो, मला फक्त पर्सची चेन लागल्याचा आवाज आला.

आमच्या वेळी मुंजीत मामा घड्याळ द्यायचा. फारच सढळ हाताचा असला तर सायकल. तेवढ्यावर पुढची दहा वर्षं मामाचं नाव निघायचं.

एटीव्ही म्हणजे काय हे ज्यांना अजून कळलेलं नाही, त्यांच्या घरात लहान मुलं नसावीत. नागावच्या किंवा काशिदच्या किनाऱ्यावर, लोणावळ्याला पैसे घेऊन दोन फेऱ्या मारायला देतात ना, तीच ही. कुणी क्वाड बाइक म्हणतात. हँडल दुचाकीचं, चाकं चार, वर छप्पर नाही, कमरेला पट्टा नाही. परदेशातले शेतकरी हिच्यावर बसून मेंढ्या वळतात, कुंपणाचे खांब वाहतात. आपल्याकडे ती रीलच्या मागे धावते.

या वेडाचं मूळ कुठे आहे ते तुम्हाला म्हणून सांगते. मूळ आहे फार्महाउसात. मुळशीला अकरा गुंठे घ्यायचे, तारेचं कुंपण घालायचं, आंब्याची पाच कलमं लावायची, त्यातली तीन मरू द्यायची. मग दर शनिवारी तिथे जायचं तर पोरांनी करायचं काय? विहिरीकडे जायचं नाही, वायफाय येत नाही, शेण पाहिलं की नाक मुरडतात. अशात एकाने एटीव्ही आणली. शेजारच्या प्लॉटवाल्याच्या मुलाने दोन दिवस जेवण सोडलं, तिसऱ्या दिवशी त्यांच्याही फाटकात टेम्पो उभा राहिला. आता त्या डोंगरउतारावर शनिवारी संध्याकाळी कोकिळेला स्वतःचा आवाज ऐकू येत असेल तर शपथ.

आणि बोलणं तरी काय चालतं! पूर्वी बायका एकमेकींना मुलांचे टक्के विचारायच्या. यंदाच्या हळदीकुंकवाला मी या कानांनी ऐकलं: "तुमच्याकडे किती सीसी?" एक म्हणाली, "नव्वद." दुसरी नुसतीच हसली, म्हणजे नव्वदच्या वर. तिसरी खालच्या आवाजात म्हणाली, "आमची आपली पन्नासच," तेव्हा यजमानीणबाईंनी तिच्या हातावर सहानुभूतीने थोडा जास्त तिळगूळ ठेवला.

पण खरी भानगड पुढेच आहे. मी मामाला गाठून विचारलं, "अहो, आठ वर्षांच्या पोराला एकशे पंचवीस?" तर म्हणतो कसा, "वाढतं अंग आहे ना ताई त्याचं. पन्नासची घेतली तर दोन वर्षांत लहान होणार. पैसे वायाच की."

हे ऐकल्यावर मला बोलताच येईना, कारण हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. जून उजाडला की लक्ष्मी रोडवर गणवेशाच्या काउंटरपाशी महाराष्ट्रातली प्रत्येक आई हेच म्हणत आली आहे. खांद्याची शिवण दंडावर, हाफ पँट गुडघ्याच्या खाली, आत चार बोटं दुमड. पाचवीत घेतलेला शर्ट सातवीत अंगाला बसायचा आणि तोवर त्याचा रंग गेलेला असायचा. यात कुणाचं काही बिघडलं नाही. ढगळ शर्टात पोरगं फार तर गबाळं दिसतं. पण शंभर किलोंहून जास्त वजनाचं लोखंड दुमड घालून देता येत नाही, हे मामाला सांगणार कोण?

सांगितलं आमच्या सोसायटीतल्या आजोबांनी. वर्कशॉपमध्ये जन्म घालवलेला माणूस, कुणाच्या घरचा मिक्सर बिघडला तरी आधी यांना कळतं. रविवारी सकाळी बनियनवरच खाली उतरले, हातात टेप. गाडी अजून रिबिनीसकट आमच्याच पार्किंगमध्ये, भोवती सगळी विंग जमलेली. "बस रे," त्यांनी बटूला फर्मावलं. डोक्यावर घेरा, पायात मोठ्या भावाचे बूट, अशा थाटात बटू चढला. चढला म्हणजे वॉचमनने चढवला.

"आता पायदानांवर उभा राहा." उभं राहिल्यावर सीट आणि पोराचं बूड यांच्यात तीन ते सहा इंचांची फट दिसली पाहिजे, असं आजोबांचं म्हणणं. कमी दिसली तर गाडी मोठी, जास्त दिसली तर गाडी लहान झाली. आजोबांनी फटीत बोटं घालायला हात पुढे नेला. फटच नव्हती. पोरगं चवड्यांवर उभं राहूनही सीटला चिकटलेलंच. बसवलं तर पाय जेमतेम टेकले आणि गुडघे ताठ. खरं तर पाऊल सपाट टेकून गुडघे छान दुमडलेले हवेत, मांडी साधारण जमिनीला समांतर.

मग हँडल. "डावीकडे पूर्ण फिरव." बटूने फिरवलं. उजवा हात लांब लांब गेला, कोपर सरळ झालं, अंगठा सुटला. आता या गाडीचं थ्रॉटल मोटारसायकलसारखं मुठीत पिळायचं नसतं, उजव्या अंगठ्याने दाबायचं असतं. वळणावर अंगठा पोहोचत नसेल तर पोरगं एक तर वेग सोडून देतं, नाहीतर सगळं अंग त्या हातावर लोटून खच्चून दाबतं. दुसऱ्याची शक्यता जास्त, हे आठ वर्षांचं पोरगं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. शेवटी ब्रेक. मूठ न सोडता बोटाचं पहिलं पेर ब्रेकच्या दांडीवरून पलीकडे उतरायला हवं. बटूची नुसती नखं लागली.

आजोबांनी टेप गुंडाळला. "ही गाडी याची नाही."

"सवय होईल हो आजोबा," मामा म्हणाला.

"सवयीने बोटं लांब होत नाहीत."

यावर मामाने विषय बदलून चहाचं विचारलं. आजोबांनी चहा घेतला, पण विषय सोडला नाही. त्यांचं म्हणणं मला जसं समजलं तसं सांगते. ही गाडी नुसतं हँडल फिरवून वळतच नाही. बहुतेक लहान एटीव्हींत मागची दोन्ही चाकं एकाच आसावर जखडलेली असतात, मोटारीत असतं तसं डिफरन्शियल नसतं. त्यामुळे वळताना आतल्या चाकाला थोडं घसरावं लागतं. चालवणाऱ्याने अंग आतल्या बाजूला झुकवायचं, भार बाहेरच्या पायावर घ्यायचा. चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे. म्हणजे अर्धं काम हाताचं आणि अर्धं बुडाचं. ज्याला धड उभं राहता येत नाही तो सरकणार कसा? पंचवीस किलोंच्या पोराने बसल्या जागी कितीही अंग टाकलं तरी त्या धुडाला पत्ता लागत नाही. मग ते सरळ जायचं तिकडे जातं, नाहीतर उलटतं, आणि उलटलं की चालवणाऱ्याच्या अंगावर येतं.

वाळूवर, मातीवर निदान चाक घसरतं तरी. आमच्याकडे ही मंडळी सराव कुठे करतात? पोडियमच्या पेव्हर ब्लॉकवर! तिथे चाक घसरत नाही, घट्ट धरतं, आणि वळणावर गाडी अडखळून एका बाजूला उठते. त्यात मागच्या आठवड्यात एका बाबांनी कळस केला. टायर मऊ लागला म्हणून पंक्चरवाल्याकडे नेऊन स्कूटरइतकी हवा भरून आणली. या फुगीर टायरांत हवा असते जेमतेम तीन-चार पौंड, किती भरायची ते टायरवरच छापलेलं असतं. तीसच्या घरात भरल्यावर ते पोरगं स्पीडब्रेकरवरून असं उडालं की क्लबहाउसमधल्या योगाच्या वर्गाची शवासनं मोडली.

त्याच बाबांचं आणखी एक. सीट लांब दिसली की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे डबलसीट उभं राहतं, हे मी समजू शकते. पण यांनी पुढे मुलगा, मध्ये स्वतः आणि मागे धाकटी अशी मिरवणूक काढली. अहो, सीट लांब आहे ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून! लहान मुलांच्या एटीव्हीवर एकच माणूस बसायचा, असं गाडीवरच्या चिकटपट्टीवर चित्रासकट छापलेलं असतं. चित्रातल्या मागच्या माणसावर चक्क लाल काट मारलेली असते. ती चिकटपट्टी कुणी वाचत नाही. तिच्यावर यांनी शिवाजी महाराजांचं स्टिकर लावलंय. महाराजांपुढे बोलायची कुणाची हिंमत!

आता टेक्सासच्या वन्सं. त्यांना फोनवर मुंजीचा वृत्तान्त सांगितला, तर आधी बुंदीच्या लाडवांची चौकशी केली आणि मग एकदम गंभीर झाल्या. तिकडे म्हणे प्रत्येक गाडीवर वयाचं लेबल लटकतं. पूर्वी सीसीवर चालायचं: सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ७० सीसीच्या आत, बारा ते पंधराला ७० ते ९०, आणि ९० च्या वर फक्त सोळा पूर्ण झालेल्यांना. मग त्यांच्या ध्यानात आलं की सीसीवरून वेग कळत नाही. आता लेबल वेगावर आहे. सहा वर्षांपुढच्यांची गाडी ताशी २४ किलोमीटरच्या वर जाता कामा नये, आणि कारखान्यातून येते ती १६ वर आवळलेली. दहा वर्षांपुढच्यांची ४८ पर्यंत, पण तीही सुरुवातीला २४ वर आवळून. म्हणजे बघा, ज्या सीसीवर आमचं अख्खं हळदीकुंकू रंगलं, ते माप तिकडे कधीच मोडीत निघालं! मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नव्वदवालीला वाईट वाटेल.

ही अक्कलही त्यांना फुकट आलेली नाही. १९७० मध्ये होंडाने फुग्यासारख्या चाकांची तीनचाकी काढली, १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये खुद्द जेम्स बाँड तिच्यावर बसला, आणि मग काय, अमेरिकेतल्या प्रत्येक परसात ती आली. ती कलंडायचीही तितक्याच उत्साहाने. पोरं इतकी जायबंदी व्हायला लागली की सरकारने कंपन्यांना कोर्टात खेचलं, आणि १९८८ मध्ये कंपन्यांनी नवी तीनचाकी विकणं बंद करायचं आणि वयाची बंधनं पाळायची असं लिहून दिलं. पुढे २००८ मध्ये नव्या तीनचाकीच्या विक्रीवर कायद्यानेच बंदी आली. चौथं चाक आल्याने गाडी जरा शहाणी झाली, माणसं होती तशीच राहिली. आणि तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना तर आजही म्हणते की सोळाच्या आतल्या मुलाला एटीव्ही नकोच, कितीही सीसीची असो. "कंपनी म्हणते सहा, डॉक्टर म्हणतात सोळा," वन्सं म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे मामा म्हणतो मुंज."

मला विचाराल तर मी डॉक्टरांच्या बाजूची. पण मला विचारतं कोण? ज्यांनी घेतलीच आहे त्यांच्यातल्या त्यांच्यात शहाण्या-वेड्यांची प्रतवारी करण्यापलीकडे माझ्या हाती काही नाही, आणि ते काम मी मन लावून करते.

शहाण्यांत पहिला नंबर पन्नासवालीचा. हो, तीच, जास्त तिळगूळवाली. तिने दुकानात मुलाला गाडीवर उभं करून, बसवून, हँडल फिरवून पाहिलं आणि मगच पैसे मोजले. दुकानदार "मोठी घ्या ताई, किमतीत फरक थोडाच" म्हणत होता म्हणे, पण ही हलली नाही. थ्रॉटलच्या डबीखाली एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की अंगठा अर्ध्यातच अडतो आणि गाडी पळत नाही. तिने तो आवळून घेतला आणि पाना स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. बाकीच्यांच्या घरी तो स्क्रू गाडी आल्याच्या आठवड्यातच सैल होतो. कुणी केला ते कुणालाच माहीत नसतं, आणि चुलत्याच्या बोटांना ग्रीस असतं.

शिवाय गाडीला मागे एक दोरी असते. ओढली की इंजिन बंद. ती दोरी हातात धरून ही बाई कुंपणाच्या आत मुलाच्या मागे धावते. साडी खोचून, स्पोर्ट्स शूज घालून! पहिल्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, "पोराला दोरीला बांधलंय बाई." आता त्याच म्हणतात, "हिचं वजन किती उतरलं बघितलंस?" एकीकडे तर रिमोट आहे. आजी खुर्चीत बसून बटण दाबते आणि नातू जागच्या जागी ठप्प. आजींना ते इतकं आवडलंय की नातवाने काही केलं नाही तरी मधूनच दाबून बघतात.

हेल्मेटचं मात्र बोलायलाच नको. तिथेही वाढतं अंग! बाबांचं हेल्मेट पोराच्या डोक्यावर, काच नाकावर, हनुवटीचा पट्टा छातीवर लोंबतोय. मान हलवली की डोकं फिरतं, हेल्मेट जागेवरच. पायात फ्लोटर. काशिदला तर तेही नाही, ओल्या चड्डीत थेट.

आणि गाडी फाटकाबाहेर काढून दुधाची पिशवी आणायला पाठवणारे महाभागही आहेत. सोळाच्या आतल्या मुलाने सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही मोटारवाहन चालवायचं नाही, हे मोटार वाहन कायद्यात १९८८ पासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, आणि पोराला पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. म्हणजे झोळीत टाकलं मामाने आणि पदरात पडायचं बापाच्या.

बरं, त्या रिबीनवाल्या गाडीचं पुढे काय झालं ते ऐका. दुकानदार परत घेईना. मामा इरेला पेटला, म्हणाला मीच चालवतो. मुळशीला नेऊन बसला. पाच फूट अकरा इंचांचा माणूस! बसल्याबरोबर दोन्ही गुडघे हँडलच्या वर आले, आणि पहिल्याच वळणावर उजवा गुडघा हँडल आणि स्वतःचं पोट यांच्यात अडकला. आजोबा तिथेही हजर होते. (त्यांना कुणी बोलावलं होतं हे मी विचारलं नाही.) म्हणाले, "तुम्हाला हिच्यापेक्षा दोन मापं मोठी लागेल." मग ती लाखाच्या घरातली गाडी ताडपत्रीखाली गेली. भाच्याला मोठी, मामाला लहान.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून बटूची मावसबहीण आली. तेरा वर्षांची, उंच, शाळेच्या संघात खो-खो खेळणारी. ताडपत्री तिनेच उचकली. आजोबांच्या टेपाला तर आता निमित्तच लागत नाही. उभी राहिली, चार इंच. बसली, गुडघे व्यवस्थित दुमडले. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, अंगठा हलला नाही. ब्रेकवर बोटाचं पेर बरोबर उतरलं. स्क्रू आवळून, तिच्याच मापाचं हेल्मेट आणून, कुंपणाच्या आत, मातीवर तिला फिरवलं, तर चढावर न सांगता पुढे सरकली आणि उतारावर मागे.

मुंज भावाची, गाडी बहिणीच्या मापाची! आत्याबाईंनी पर्स उघडली म्हणतात, पण त्यातून रुमाल काढला की पाकीट, यावर सोसायटीत अजून एकमत नाही. मामा आता बटूसाठी पन्नासची बघतोय. आणि मामीने विचारलंय म्हणे, की आपल्या मुलीची उंची कुणी मोजली का.